जुन्या वाकोशीचा रस्ता

नेत्राचा ठिपका फाट्यावर डावीकडे वळला आणि मी कॉलवरच्या एकशे बारा लोकांना म्हणालो, "बघा, ॲप तिला आता आपण काढलेल्या रस्त्याने नेतंय."

हे मी मोठ्या कौतुकाने म्हणालो. डोक्याला माकडटोपी, समोर चहा, आणि स्वतःवर इतका खूश की बायकोने मागून पोहे आणून ठेवले तेही कळलं नाही.

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार होता, सकाळचे सव्वाआठ. मी सांगलीत माझ्या मागच्या खोलीत. मिरजेहून इरफान मुजावर स्क्रीनवर नकाशा दाखवत होता. आणि नेत्रा कुलथे, कराडची फिजिओथेरपिस्ट, आमच्या गटातली पहिल्या महिन्यापासूनची, गाडी चालवत आंबोळी धरणाच्या पलीकडे निघाली होती. शेजारी तिची आई, सिंधुताई. त्यांचं कुलदैवत त्या बाजूला होतं आणि आईला बरेच दिवस जायचं होतं. हे कळल्यावर मीच नेत्राला गळ घातली होती, की लाइव्ह लोकेशन दे, नव्या लोकांना दिसू दे आपला नकाशा कशाला उपयोगी पडतो ते. ती म्हणाली, "दादा, धुकं असतं हो तिकडे." मी म्हणालो, "मग तर नकाशा आणखीनच हवा."

आम्ही काय करायचो ते आधी सांगतो. उपग्रहाचे फोटो सगळ्यांना बघायला मिळतात. त्यात दिसणारे रस्ते, ओढे, शाळा, वाड्या आम्ही घरबसल्या बोटाने गिरवायचो आणि सगळ्या जगाला फुकट वापरता येईल अशा नकाशात भरायचो. डोंगरातल्या कितीतरी गावांचा रस्ताच कुठल्या नकाशात नव्हता. टाळेबंदीच्या वर्षी आम्ही चौघे होतो. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन, काम बंद, डोकं खायला उठलेलं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर भेटायचं ठरवलं. चौघांचे नऊ झाले, नवांचे तीस. नवा माणूस आला की त्याला कॉलमधल्याच एका वेगळ्या छोट्या खोलीत एका जुन्या माणसाबरोबर बसवायचो. तिथे दोघंच. त्याचा पहिला रस्ता काढून झाला, जुन्याने तो तपासला, की दोघं मोठ्या खोलीत परत यायचे आणि सगळे माइक उघडून टाळ्या वाजवायचे. पहिल्या रस्त्याची टाळी, असं आम्ही त्याला म्हणायचो. साठीतली माणसंसुद्धा त्या टाळीने लहान मुलासारखी लाजायची. मला त्या टाळीची चटक लागली होती. त्याहून जास्त चटक आकड्याची. आज किती आले, हे मी कॉल संपताच वहीत लिहायचो.

"धुकं फार आहे हो," स्पीकरवरून सिंधुताईंचा आवाज आला. फोन त्यांच्या हातात होता. त्यांना कोणाशी तरी बोलायचं होतं आणि एकशे बारा माणसं आयतीच मिळाली होती. "गाडीच्या पुढचं काही दिसत नाही. पण डांबर आहे खाली. जुनं आहे, उखडलेलं."

"सावकाश जाऊ दे," मी म्हणालो.

"सावकाशच चाललीये. वीसने."

ठिपका हळूहळू खाली सरकत होता. नकाशात त्याच्या उजवीकडे, बऱ्याच अंतरावर, धरणाची निळी पट्टी दिसत होती. एका नव्या मुलीने चॅटमध्ये विचारलं, ठिपका हिरवाच का असतो. इरफान तिला समजावून सांगत होता. तेवढ्यात कुणाचा तरी माइक उघडला आणि घसा खाकरल्याचा आवाज आला.

ते हणमंतराव शेलार होते. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक, वय सत्तरच्या पुढे. जुन्या वाकोशीचे. ते गाव धरणात गेलं, तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. सरकारने गावकऱ्यांना खाली पठारावर नवी वाकोशी वसवून दिली, तिथे ते राहायचे. जुलैत आमच्याकडे आले होते. कॉलवर कधी बोलायचे नाहीत, नुसते बसून ऐकायचे, आणि कॅमेऱ्यात त्यांच्या टोपीचा वरचा अर्धा भाग दिसायचा.

"साहेब," ते म्हणाले, "ह्या बाई कुठनं निघाल्यात?"

"फाट्यावरनं काका. देवळाकडे."

"फाट्यावरनं डाव्या अंगाला?"

"हो."

"आवो, त्यो जुन्या वाकोशीचा रस्ता. त्यो पाण्यात जातोय." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आत्ता धरान भरल्यालं हाय. थांबवा त्यांना. आदी थांबवा."

मी म्हणालो, "नेत्रा, गाडी थांबव."

सिंधुताईंचा चौकोन स्क्रीनवर होता, पण त्यातलं चित्र गोठलं होतं. पांढरी काच, वायपरची काळी रेघ आणि कोपऱ्यात त्यांच्या अंगठ्याचा एक तुकडा. मी पुन्हा म्हणालो. मग ओरडलो. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. चौकोन नाहीसा झाला आणि खाली लिहून आलं की सिंधुताई कुलथे कॉल सोडून गेल्या आहेत.

ठिपका मात्र नकाशावर थांबला होता. थांबला म्हणजे गाडी थांबली असं नव्हे, हे मला आणि इरफानला माहीत होतं. रेंज गेली की ठिपका शेवटच्या जागी उभा राहतो. बाकीच्यांना ते माहीत नव्हतं. कुणीतरी म्हणालंही, "थांबल्या वाटतं, बरं झालं."

इरफानने नेत्राला फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. तिच्या आईला लावला. तेच. त्याने पुन्हा नेत्राला लावला, आणि रेकॉर्डवरची ती बाई तेच वाक्य मराठीत, हिंदीत, इंग्रजीत म्हणत राहिली. त्याचा माइक उघडाच असल्यामुळे आम्ही सगळे ते ऐकत होतो.

"माझा पुतन्या हाय तिथं," हणमंतकाका म्हणाले. "भिवा. पल्याडच्या काठाला जाळी टाकतो. त्याच्याकडं रेंज येती. लावतो त्याला." आणि टोपी चौकोनातून निघून गेली. मागे भिंतीवरचं कॅलेंडर आणि रिकामी खुर्ची राहिली.

आता मला काय वाटत होतं ते सांगतो. नेत्रासाठी आणि तिच्या आईसाठी भीती होतीच. नेत्रा माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची. पण त्या भीतीच्या शेजारीच दुसरी एक होती, आणि ती पहिलीपेक्षा लहान नव्हती. हे लिहायला मला सात वर्षं लागली. तो रस्ता जुलैत मी तपासला होता.

तपासायची आमची पद्धत अशी. एकाच जागेचे वेगवेगळ्या महिन्यांतले फोटो मिळतात. गिरवताना स्वच्छ दिसतो म्हणून उन्हाळ्याचा फोटो घ्यायचा. मग तपासणाऱ्याने पावसाळ्यानंतरचा फोटो लावून बघायचा, कारण उन्हाळ्यात कोरडा ओढासुद्धा वाट वाटतो. हा नियम मीच केला होता. दर रविवारी नव्यांना सांगताना माझा आवाज जरा खर्जात जायचा.

त्या दिवशी मी दोन्ही फोटो लावले होते. मे महिन्याच्या फोटोत धरणाचं पाणी आटून दूर गेलं होतं आणि उघड्या पडलेल्या गाळातून जुन्या वाकोशीचा रस्ता काळ्या दोऱ्यासारखा गेला होता. आदल्या ऑक्टोबरच्या फोटोत तिथे पाणी होतं. रस्ता अर्ध्यातून पाण्यात शिरला होता. मी ते पाहिलं. पाहून "तपासला, ठीक आहे" या बटणावर बोट ठेवलं. मोठ्या खोलीत टाळी ताटकळली होती आणि हणमंतराव आमचे शंभरावे होते. सोमवारी दुरुस्त करू म्हटलं. धरणाची कडाही उन्हाळ्याच्या फोटोवरूनच काढलेली होती, तीही दुरुस्त करायला हवी होती. सोमवार आला आणि गेला. मग मी विसरलो.

तर आता एकशे बारा माणसं ठिपक्याकडे बघत होती आणि मी त्यांच्याकडे बघत होतो.

पाच मिनिटं झाली. कुणी कॉल सोडत नव्हतं. साताऱ्याच्या एका बाईंनी हात जोडले होते, हे त्यांच्या चौकोनात दिसत होतं. मी सगळ्यांना म्हणालो, की बहुतेक नुसती रेंज गेली असेल, नेत्रा हुशार आहे, काळजी करू नका. माझा आवाज मलाच खोटा वाटला. बायको मागे उभी होती. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी तो झटकला.

मग ठिपका हलला.

एकदम हलला. मधली जागा सोडून थेट पुढे गेला, तीनशे-चारशे मीटर. कुठेतरी क्षणभर रेंज आली असणार. तिथे तो पुन्हा थांबला आणि थोड्या वेळाने हिरव्याचा राखाडी झाला.

"पुढे गेल्या," इरफान म्हणाला. आणि त्या मुलाने, काय सुचलं त्याला, मागचा फोटो बदलला. पावसाळ्यानंतरचा लावला.

स्क्रीनभर पाणी पसरलं. गर्द हिरवं, काळपट. आम्ही काढलेली रस्त्याची रेघ त्या पाण्यावरून सरळ चालली होती आणि ठिपका काठापासून आत होता.

मग कुणीतरी बाई रडायला लागली.

"बंद कर ते," मी इरफानला म्हणालो. "आधी बंद कर."

त्याला वाटलं, लोकांनी बघू नये म्हणून मी म्हणतोय. त्याने लगेच बंद केलं. मला वेगळीच धास्ती होती. मी सोडून आणखी कुणाला तरी आत्ता सुचेल, की हा फोटो तर तपासताना बघायचा असतो. मग तपासला कुणी?

मी आमच्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात फोन लावला. त्यांनी तिकडच्या ठाण्याचा नंबर दिला. तिकडे हवालदाराने मला तीनदा विचारलं, की तुम्ही सांगलीत बसून सांगताय की गाडी धरणात गेलीये, ते तुम्हाला कसं कळलं. मी ठिपक्याचं सांगितलं. त्याने कुणाला तरी हाक मारून म्हटलं, "अरे बघ रे, हे काय म्हणतायत." मग तो गाडी पाठवतो म्हणाला. किती वेळ लागेल, विचारलं. धुकं असल्यामुळे तास तरी, म्हणाला.

नऊला पाच कमी होते. चहावर साय धरली होती. मी देवाचं नाव घेत नव्हतो, घेत होतो असं सांगायला आवडलं असतं. मी मनाशी घोकत होतो ते एवढंच, की गाडी काठावरच थांबलेली असू दे, काठावरच असू दे. आणि दर वेळी मला ऑक्टोबरचा तो फोटो दिसायचा.

नऊला हणमंतकाकांची खुर्ची हलली. टोपी परत चौकोनात आली.

"भिवा गेलाय नाव घिऊन," ते म्हणाले. "त्याला हारन ऐकाय आला म्हनं. मदीच बंद झाला."

"मध्येच म्हणजे?"

"बंद झाला, साहेब. एवडंच म्हनाला आन गेला."

पुढची एकवीस मिनिटं मी सांगू शकत नाही, कारण मला ती नीट आठवत नाहीत. इरफान सांगतो की मी सगळा वेळ उभा होतो आणि कॅमेऱ्यात माझा नुसता स्वेटर दिसत होता.

नऊ एकवीसला भिवाचा फोन आला. काकांनी तो तसाच कॉलच्या माइकसमोर धरला. वाऱ्याचा आवाज, वल्ह्याचा आवाज, आणि भिवा धापा टाकत म्हणाला, "दोगीबी हायत्या, आप्पा. म्हातारी बोलंना, पन श्वास हाय."

काय घडलं होतं ते नेत्राने नंतर सांगितलं. पाणी आणि धुकं एकाच रंगाचं होतं. चाकाखाली डांबर लागत होतं, म्हणून तिला शंका आली नाही. मग स्टिअरिंग एकदम हलकं झालं. ती म्हणाली, पहिलं तिला बरं वाटलं, की चला, खड्डे संपले. मग पायाला गार लागलं. इंजिन बंद पडलं. दार उघडेना. तिने हॉर्न दाबून धरला, तोही पाण्याने बंद झाला. तिच्या बाजूची काच अर्धी उतरली होती, तेवढ्यातून ती बाहेर पडली आणि आईला काखेत धरून ओढलं. आई अडुसष्ट वर्षांची, अंगात स्वेटर, शाल, नऊवारी. काचेतून निघताना आईचं खुब्याचं हाड मोडलं. नेत्रा छातीभर पाण्यात गाडीच्या टपाला धरून आईला वर उचलून उभी होती आणि तिला काठ कुठल्या बाजूला आहे हे कळत नव्हतं. ती नुसत्या हाका मारत होती. त्या हाकांच्या दिशेने भिवाने नाव आणली.

सिंधुताई वाचल्या. पण पुन्हा आधाराशिवाय चालल्या नाहीत.

त्या आठवड्यात मी ऑफिसला गेलो नाही. तो रस्ता मी रविवारी दुपारीच नकाशातून काढून टाकला होता. पण आमच्या नकाशात काहीच पुसलं जात नाही. काढून टाकलेल्याचाही इतिहास राहतो. रस्ता गिरवणाऱ्याचं नाव पहिल्याच पानावर. तपासणाऱ्याचं नाव बघायचं तर आणखी दोन पानं उघडावी लागतात. मी दिवसातून दहादा ती पानं उघडून माझं नाव बघायचो आणि बंद करायचो.

पुढच्या रविवारी नेत्रा कॉलवर आली. कॅमेरा बंद. नव्वदेक माणसं होती, सगळे जुने. मी काहीतरी सुरुवात करत होतो, काळजी, प्रार्थना वगैरे. तिने मध्येच तोडलं.

"मला एकच विचारायचंय. तो रस्ता कुणी काढला?"

मी तोंड उघडलं होतं, हे खरं. त्यातून काय निघालं असतं ते मला आजही माहीत नाही. कारण त्याआधी हणमंतकाकांचा माइक उघडला.

ते उठून उभे राहिले होते. चौकोनात त्यांचा सदरा आणि जोडलेले हात एवढंच दिसत होतं. म्हणाले, "बाई, त्यो मी काडला. मला ठावं हुतं त्यो पाण्यात जातो म्हनून. तरीबी काडला. गाव ऱ्हायलं न्हाई, रस्ता तरी कुटं असावा, असं वाटलं. चुकलो. तुमच्या आईच्या पायावर डोकं ठिवाय येतो."

नेत्रा म्हणाली, "यायची गरज नाही," आणि गेली. ती परत आमच्यात आली नाही.

मग लोक बोलायला लागले. कुणी वाईट बोललं नाही, तसे सगळे भले होते. पण एकजण म्हणाला, की नव्या माणसांना, विशेषतः वयस्कर, लगेच रस्ते काढायला देऊ नयेत. दुसऱ्याने दुजोरा दिला. इरफान म्हणाला, "पण तपासणी...", आणि माझ्याकडे बघून थांबला. मी म्हणालो, तपासणीचे नियम आपण कडक करू. सगळ्यांनी माना हलवल्या. मी ते वहीत लिहून घेतलं.

एक गोष्ट मी आत्तापर्यंत सांगितली नाही.

जुलैत, त्या छोट्या खोलीत, काकांनी रस्ता गिरवायला घेतला आणि मध्येच हात थांबवला. म्हणाले, "साहेब, ह्यो उन्हाळ्यातच उगडा पडतो. आत्ता पाण्यात गेला आसंल. काडू का नगं?" मी घड्याळ बघितलं. मोठ्या खोलीत शंभराव्यासाठी लोक खोळंबले होते. मी म्हणालो, "फोटोत दिसतोय ना काका? मग काढा. बाकीचं मी बघतो."

नेत्रा कॉलवर येऊन गेली त्या रविवारी दुपारी काकांचा फोन आला. मी तीन वेळा वाजू दिला, मग घेतला.

त्यांनी आधी सिंधुताईंची चौकशी केली. ऑपरेशन कधी, कुठल्या दवाखान्यात. मग माझी, की जेवण झालं का. मग म्हणाले, "साहेब, त्या खोलीत आपन दोगंच हुतो. मी कुनाला बोललो न्हाई. बोलनारबी न्हाई."

मी समोरची वही मिटली.

"माझं काय, मी आडानी म्हातारा. माझी चूक लोक चार दिसात इसरत्यात. तुमची इसरायची न्हाईत. आन मंग ह्ये समदं बंद पडंल. आमच्यासारक्या किती गावांचे रस्ते ऱ्हायल्यात अजून." त्यांचा श्वास ऐकू येत होता. "माझं नाव ऱ्हाऊ दे तिथं. चालंल ना?"

बायको समोर वाटाणे सोलत बसली होती. तिने वर बघितलं.

"बरं, काका," मी म्हणालो.

त्यांनी फोन ठेवला नाही. मी आणखी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटत असावं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "बरं मंग," आणि फोन बंद झाला.